आप्पांची गाडी आणि पडदेवाले

२ नोव्हेंबर, रविवार

कामावर लिफ्ट बंद पडली की आधी वही उघडायची. तारीख, बिघाड, काय तपासलं, काय निघालं. ही माझी सत्तावीस वर्षांची सवय. घरचं असं काही मी कधी लिहिलं नाही. आजपासून लिहितो, कारण बिघाड सापडत नाही आणि सांगायला माणूस नाही. हिला सांगितलं तर ही हसते.

बिघाड : आप्पांची मोटरसायकल किकला चालू होत नाही. निदान माझ्या किकला.

आप्पा, म्हणजे माझे वडील, टेलिफोनच्या तारा ओढायचे. खांबावर चढायचं, तुटलेली तार जोडायची, उतरायचं आणि या गाडीवर बसून पुढच्या खांबाकडे. गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. नऊ वर्षं जिन्याखाली झाकून ठेवली होती. गेल्या वर्षी आप्पांचा खुबा मोडला. तेव्हापासून ते वर गॅलरीत बसतात आणि खाली तिच्यावरच्या ताडपत्रीकडे बघतात. महिन्यापूर्वी म्हणाले, "मोठ्या, एकदा तिचा आवाज ऐकायचाय रे."

मी कार्ब्युरेटर साफ केला, नवी बॅटरी टाकली, नवा प्लग टाकला. रोज कामावरून आलो की तीस-चाळीस किक. गुडघा सुजला, पण गाडीने हूं की चूं केलं नाही.

आज धाकटी बहीण आणि तिचा नवरा आले. हे गृहस्थ पडदे विकतात. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण घरचे जावई म्हणून आम्ही अहोजाहो करतो. "बघू का दादा एकदा?" म्हणाले. बघा म्हटलं आणि चहाचं सांगायला वर निघालो. जिन्याच्या सहाव्या पायरीवर होतो तेव्हा मागून आवाज आला. दुसऱ्या किकला.

वर आप्पा टाळ्या वाजवत होते. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस.

पडदेवाल्यांनी गाडी बंद केल्यावर मी खाली जाऊन बावीस किक मारल्या. काही नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पद्धतशीर सुरुवात. हेडलाइट उघडला. मोठ्या स्टँडवर लावली की गाडीचं पुढचं चाक इकडेतिकडे डोलतं, म्हणून ते दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं आणि मीटर घेऊन एकेक वायर तपासली. हेडलाइटवरच्या चावीला करंट येतो. चावीतून टाकीखालच्या कॉइलला, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या डबीला, येतो. सहा व्होल्ट, बरोबर. पॉइंट घासून लख्ख केले, फट मोजली. सगळं पुस्तकात असावं तसं.

हेडलाइट बंद केला, बाजूला आलो, किक मारली. मेलेली.

मोजायला गेलं की बरोबर, किक मारली की मेलेली. अशी लिफ्ट मी अजून बघितली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नवा कंडेन्सर. फरक नाही.

बॅटरीवाला म्हणाला, "साहेब, जुन्या गाड्या माणूस ओळखतात."

म्हटलं, "मी या गाडीच्या टाकीवर बसून शाळेत गेलोय."

"मग रुसली असेल," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

९ नोव्हेंबर, रविवार

पडदेवाले परत. या वेळी आप्पांच्या खुर्चीसाठी उशी शिवून आणली. निळी, चारी बाजूंनी गोट लावलेली. दुकानात उरलेल्या कापडाची असणार. आप्पा तिच्यावर बसून दोनदा मागेपुढे झाले आणि म्हणाले, "वा."

मग पडदेवाले म्हणाले, "आप्पा, चला खाली." एका बाजूने त्यांनी, दुसऱ्या बाजूने धाकटीने, अशी आप्पांसकट खुर्ची उचलली आणि सतरा पायऱ्या उतरून गाडीशेजारी नेऊन ठेवली. मी म्हणत होतो की चालू झाल्यावर मी आणणारच आहे खाली, आत्ता कशाला. कोणी ऐकलं नाही. दिखाऊपणा करायचा तर पडदेवाल्यानेच. त्याचा धंदाच तो.

मला समोर उभं राहवेना. मागे खोक्यात पाना शोधत होतो तेव्हा गाडी चालू झाली. पहिल्या किकला.

नंतर विचारलं, अगदी सहज विचारावं तसं, "तुम्ही नक्की करता काय?"

"काही नाही हो दादा. नुसता बसतो. दोन्ही हातांनी धरतो आणि मारतो."

नुसता बसतो म्हणे. सत्तावीस वर्षं मी वायरी बघतोय आणि हा नुसता बसतो.

त्यात आप्पा म्हणाले, "तू बसून का मारत नाहीस रे मोठ्या?"

हे मला लागलं. आप्पांना चांगलं माहीत आहे का ते. उंची मी आईची घेतली. अकरा वर्षांचा असताना गाडीवर बसलो की पाय किकला पुरायचा नाही. तेव्हा आप्पांनीच शिकवलं. गाडी मोठ्या स्टँडवर लावायची, किकच्या बाजूला उभं राहायचं, डावा हात सीटवर, उजव्या हाताने हँडल आपल्याकडे ओढून धरायचं आणि सगळं अंग किकवर टाकायचं. आजही मी तसंच मारतो. आणि ते त्या लांब तंगड्यांच्या माणसासमोर मला विचारतात की बसून का मारत नाहीस.

चहा झाल्यावर धाकटीने खरा विषय काढला. "दादा, आमचं घर तळमजल्यावर आहे. आप्पांना अंगणात बसता येईल. तीस तारखेला रविवार आहे. तेव्हा घेऊन जाऊ म्हणतो. कायमचं."

मी आप्पांकडे बघितलं. ते उशीचा गोट चाचपत होते. "गाडीपण आली पाहिजे तिकडे," एवढंच म्हणाले.

"मीच चालवत नेईन की," पडदेवाले म्हणाले.

१० नोव्हेंबर, सोमवार

वीस दिवस आहेत हातात. गाडी माझ्या पायाने चालू झाली, तर आप्पांना तिकडे जायचं कारण उरणार नाही. सरळ हिशोब आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ही म्हणाली, "तुम्ही काम करता तेव्हा आप्पांना खाली का नेत नाही? एकटे बसून असतात."

"आधी चालू तरी होऊ दे. त्यांच्यासमोर चाळीस किक मारून दाखवू का?"

"त्या दिवशी पाहुण्यांनी नेलं तेव्हा खूश होते."

"गाडी चालू झाली म्हणून खूश होते."

"खुर्ची खाली टेकली तेव्हापासून खूश होते," ही म्हणाली.

हिला गाड्यांतलं काही कळत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कॉइल बदलली. जुन्या बनावटीची मिळवायला चार दुकानं फिरलो. वरून आप्पांचा आवाज आला, "मोठ्या, येऊ का खाली?"

"बसा तिथंच. खाली धूर असतो."

"चालूच होत नाही, तर धूर कुठून येतो?"

शेजारचे लोकही हसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज पडदेवाले आले नाहीत. लग्नसराईचं काम आहे म्हणे. दिवस शांत गेला. मी मन लावून तीन तास काम केलं. आप्पा दिवसभर गल्लीच्या तोंडाकडे बघत होते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडीच्या नव्या वायरी ओढाव्यात असं डोक्यात आलं. त्यासाठी आप्पांची जुनी पक्कड मागितली. काळ्या मुठीची, तोंड झिजलेलं, पण तार अशी धरते की सुटायची बात नको. तिच्यानेच ते खांबावर तारांना पीळ द्यायचे. लहानपणी मला टाकीवर बसवून दाखवायचे. दोन टोकं एकमेकांवर आडवी ठेवायची, एक इकडून गुंडाळायचं, एक तिकडून, पाच-पाच वेढे, मग ओढून बघायचं. त्यांचा जोड त्यांच्या हाताखालची माणसं लांबून ओळखायची.

उशाच्या डब्यातून त्यांनी पक्कड काढली, फडक्याने पुसली आणि परत डब्यात ठेवली.

"ही एकटी जात नाही कुठे. मला ने, ही येईल."

"आप्पा, मला वायर तोडायचीय."

"मग मला ने."

म्हातारपणी माणूस हट्टी होतो. मी माझी पक्कड वापरली. पण नव्या वायरींचं तंत्र काही जमलं नाही. तासाभराने सगळं होतं तसं लावून टाकलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

धाकटी आप्पांच्या कपाटाची मापं घेऊन गेली. तिकडच्या खोलीला नवे पडदे लावलेत. रंग आप्पांना विचारून निवडला, मोरपंखी. आमच्या घरचे पडदे कोणत्या रंगाचे आहेत हे मलाच आठवेना. उठून बघून आलो. तपकिरी आहेत.

निघताना पडदेवाल्यांनी जाता जाता एक किक मारली. चालू. मी तोंड फिरवून चप्पल शोधत होतो. चप्पल पायातच होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पॉइंट परत घासले. प्लग परत बदलला. चाक गुडघ्यांत धरून सगळं परत मोजलं. सगळं बरोबर.

आता बिघाड माझ्यातच आहे असं वाटायला लागलंय. लोखंडालाही कळत असेल का कोणाचा हात आवडतो ते?

२९ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहू की नको असा विचार करत होतो. पण वहीत खोटं लिहायचं नाही, हा कामावरचा नियम आहे.

दुपारी आप्पा झोपले होते. ही बाजारात गेली होती. मी खाली गेलो, टाकीखाली हात घातला आणि कॉइलमधून प्लगकडे जाणारी जाड वायर अर्धा इंच मागे ओढली. बाहेरून दिसणार नाही इतकीच. म्हणजे बाकी सगळं चालेल, पण ठिणगी पडणार नाही.

उद्या मारू देत किक. सगळ्यांसमोर मारू देत. घामाघूम होऊ देत. मग बघू कोण नुसता बसतो ते.

वर आलो तर आप्पा जागे होते. "चालू झाली?" विचारलं.

नाही म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहाला आले. आप्पांच्या दोन पिशव्या आणि औषधांचा डबा गाडीत गेला, त्यांच्या चारचाकीत म्हणजे. धाकटीने नि पडदेवाल्यांनी खुर्ची खाली आणली. आप्पांच्या मांडीवर पक्कड होती.

"जावईबापू, तिला जागी करा," आप्पा म्हणाले.

आज पहिल्यांदा मी कुठे गेलो नाही. चहा नाही, पाना नाही, चप्पल नाही. हाताची घडी घालून गाडीच्या तोंडाशी उभा राहिलो. पूर्ण बघायचं होतं मला.

पडदेवाले सीटवर बसले. पायांनी तोल सांभाळला, दोन्ही मुठी धरल्या, चावी फिरवली, किक. काही नाही. दुसरी, तिसरी. सातव्या किकला शर्ट पाठीला चिकटला. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू.

बाराव्या किकला त्यांनी आप्पांकडे बघितलं. मीही बघितलं. आई गेली त्या दिवशी आप्पांचं तोंड मी बघितलं होतं. तसं झालं होतं.

"राहू दे," ते म्हणाले. "आता तीही माझ्यासारखीच. भंगारवाल्याला सांगा."

"आप्पा, असं काय बोलता?" धाकटी म्हणाली. "दादा, तू बघ ना जरा."

माझं लक्ष दुसरीकडे होतं. हेडलाइटच्या वर एक छोटी तबकडी आहे. करंट किती जातोय ते दाखवणारा काटा असतो तिच्यात. पडदेवाले बसले होते तेव्हा तो काटा डावीकडे झुकलेला होता, प्रत्येक किकला हलत होता. म्हणजे कॉइलला करंट जात होता. मी किक मारतो तेव्हा खाली पायाकडे बघतो. काट्याकडे मी महिन्याभरात एकदाही बघितलं नव्हतं. आता पडदेवाले उतरले, हँडल त्यांच्या हातातून सुटून उजवीकडे वळलं, आणि काटा मधे येऊन मेला. चावी चालूच होती.

मी हात लावून हँडल सरळ केलं. काटा झुकला. उजवीकडे वळवलं. मेला. सरळ, झुकला. उजवीकडे, मेला.

मी मोजताना चाक गुडघ्यांत धरतो, म्हणजे सरळ. किक मारताना हँडल माझ्याकडे ओढतो, म्हणजे उजवीकडे. हा माणूस बसतो आणि दोन्ही हातांनी धरतो, म्हणजे सरळ. नुसता बसतो. त्याने खरं तेच सांगितलं होतं. आप्पांनीही.

"हँडलच्या मानेत वायर तुटलीय," मी म्हटलं. "वरचं प्लास्टिक शाबूत आहे, आतली तार गेलीय. सरळ असलं की टोकं टेकतात, वळलं की सुटतात."

आप्पा खुर्चीत ताठ झाले. "चावीची वायर?"

"चावीकडून कॉइलकडे जाणारी."

"मला जवळ घ्या."

त्यांची खुर्ची आम्ही गाडीला खेटून ठेवली. पडदेवाले एका बाजूला होते, दुसऱ्या बाजूला मी. मानेतली वायर मी ओढून बाहेर काढली. चाचपल्यावर एका जागी ती रिकाम्या शेंगेसारखी लागली. आप्पांनी तिथेच पकडीने तोडली, दातांनी प्लास्टिक सोललं. धाकटी "आप्पा, दात!" असं काहीतरी म्हणाली. दोन टोकं आडवी, एक इकडून, एक तिकडून. बोटं थरथरत होती पण वेढे सुटत नव्हते. पाच आणि पाच. ओढून बघितलं. मग म्हणाले, "मोठ्या, पट्टी."

मी चिकटपट्टी गुंडाळली. आणि टाकीखाली बघतोय असं दाखवून ती जाड वायर कॉइलमध्ये दाबून बसवली. मान वर केली तर पडदेवाले वाकून बघत होते.

"दादा," हळूच म्हणाले, "ही आधीपासून सुटली होती, की आत्ता?"

"जुनी गाडी आहे," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. जुनीच आहे." आणि रुमालाने मान पुसली. मोठ्याने काही बोलले असते तर परवडलं असतं.

मी बसायला गेलो तर आप्पा म्हणाले, "बसू नकोस. मी शिकवलंय तशी मार."

गाडी मोठ्या स्टँडवर घेतली. बाजूला उभा राहिलो, हँडल ओढलं, अंग टाकलं. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. हँडल माझ्याकडे वळलेलं होतं आणि ती चालू होती. आप्पांनी तळवा टाकीवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

टाळ्या सगळ्यांत जास्त पडदेवाल्यांनी वाजवल्या. मला ते आवडलं नाही. माणूस हरला की त्याने थोडं तरी तोंड पाडावं.

धाकटी म्हणाली, "चला आप्पा, जेवायला उशीर होईल."

आप्पांनी हाताने हॉर्नचं बटण दाबलं. आवाज नाही. "हॉर्न वाजत नाही."

"तो तिकडे बघू."

"तिकडे कोण बघणार? जावईबापू त्याला झालर लावतील?" पडदेवाले हसले. आप्पा माझ्याकडे वळले. "मोठ्या, हॉर्नला किती वेळ लागेल?"

हॉर्न म्हणजे दोन वायरी आणि एक बटण. अर्ध्या तासाचं काम.

"महिना लागेल," मी म्हटलं.

"महिना?" धाकटी म्हणाली.

"लागणारच," पडदेवाले म्हणाले. "हॉर्न म्हणजे काय साधी गोष्ट आहे? जुनी गाडी. काय कुठे सुटलेलं असेल, सांगता येत नाही." आणि चारचाकीतून दोन्ही पिशव्या काढून जिन्याकडे चालू लागले.

१ डिसेंबर, सोमवार

आज सुट्टी टाकली. हत्यारं काढायच्या आधी खुर्चीकडे गेलो. एकट्याने उचलेना. कोणाला बोलवावं असा विचार करतोय तोवर हिने दुसरी बाजू धरलीसुद्धा.

"जमेल तुला?"

"पहिल्या दिवशी विचारलं असतंत, तरी जमलं असतं," ही म्हणाली.

सतरा पायऱ्या. मधे दोनदा टेकवली. आप्पा वरून हुकूम सोडत होते, जणू खांब उतरवतोय.

हॉर्नचा बिघाड दहा मिनिटांत सापडला. एक स्क्रू ढिला आहे. आप्पांनाही दिसला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग म्हणाले, "आधी जरा साफसफाई करू. घाई कशाला?" स्क्रूला आम्ही हात लावला नाही. बाराला ऊन आलं तसं खुर्ची सावलीत सरकवली.

एकच गोष्ट. ती निळी उशी. आप्पा तिच्याशिवाय बसत नाहीत. आपण दुसरी आणू या, चांगल्या दुकानातली, असं मी हिला म्हटलं.

ही हसली.